अकरा कॉलरी

९ ऑगस्ट, रविवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं असतं तर तू पाकीट न फोडता कपाटावर टाकलं असतंस, म्हणून पत्ता मुलाकडून लिहून घेतला. त्याचंही अक्षर तुझ्यासारखं डावीकडे कलतं. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आई गेली म्हणून घर माणसांनी भरलं होतं आणि हा दारातल्या चपला जोडीनं लावत बसला होता. आता चौदाचा आहे. गेल्या दीड वर्षात असा काही वाढलाय की सगळे त्याला लांबू म्हणतात. मीही म्हणते.

सहा वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस. त्या दिवशी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी ‘आठवत नाही’ म्हणाले, तेव्हापासून. तो विषय आज नको. आज माझं काम आहे, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तेव्हा सरळच लिहिते.

मंगळवारी मधल्या सुट्टीत लांबूनं एका मुलाची कॉलर मागून ओढली. मुलगा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा, लांबूपेक्षा दोन इयत्ता मागे. शाळेच्या मागच्या जिन्यानं पाण्याच्या नळाकडे जातात, तिथे हे झालं. पोरगं मागच्या मागे चार पायऱ्या गडगडलं. मनगट मोडलं आणि गळ्याभोवती वळ उठला. लांबूला शाळेनं घरी बसवलंय. चार सप्टेंबरला शाळेची समिती बसणार आहे आणि त्याला ठेवायचं की नाव काढायचं ते ठरवणार आहे.

ह्यांचा ट्रक महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. फोनवर म्हणाले, ‘पोरं आहेत, धक्काबुक्की चालायचीच, शाळा उगाच बाऊ करते.’ मलाही तसंच वाटतं. मस्तीच होती. हातून जरा जास्त झालं. मला आधी ह्यातलं काही माहीत नव्हतं. शाळेसमोर माझं शिवणाचं दुकान आहे, शाळेचे गणवेश मीच शिवते, पण दिवसभर मशीनवर मान खाली. रस्त्यापलीकडे काय चाललंय ते कोण बघतं?

तर काम असं. लांबूला वर्षभर तुझ्याकडे ठेवशील का? तू पाण्याच्या पंपावर कामाला आहेस, पंपाच्या खोलीशेजारीच राहतोस आणि जवळ शाळा आहे, असं मावसभावाकडून कळलं. समितीनं काढून टाकण्याआधी मीच त्याला काढलं तर दाखल्यावर डाग लागणार नाही. इथून लांब गेला की संगत सुटेल. खायला फार लागतं त्याला, पण उलट बोलत नाही.

होय की नाही, एवढं कळव.

तुझी
बारकी


१६ ऑगस्ट, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असेल असं धरून चालते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला काही माहीत नव्हतं. ते खोटं होतं. आठवडाभर मशीनवर बसले की तेच वाक्य पायाखाली येतंय, म्हणून हे पत्र.

शिवणारणीला शर्ट बघून कळतं तो कसा फाटला. पडलेल्या मुलाचा कपडा गुडघ्यावर नाही तर कोपरावर जातो. खिळ्याला अडकला तर काटकोनात फाटतो. दोन पोरं बरोबरीनं भिडली तर खिसा जातो, बाही जाते आणि दोघांचेही शर्ट दुकानात येतात, बहुतेक एकाच दिवशी, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतातही. पण कुणी मागून कॉलर धरून ओढली तर मानेमागची शिवण उसवते आणि गळ्याचं बटण कापडाचा तुकडा घेऊन निघतं. असा शर्ट एकट्याचाच येतो.

मार्चपासून जुलैपर्यंत असे अकरा आले. कॉलर बदलली की जुनी मी टाकत नाही, आतल्या पट्टीला कामाला येते. तेव्हा त्या अकराही कॉलरी माझ्याकडे पिशवीत आहेत. सगळ्या मिळून चार मुलांच्या आहेत. त्यातल्या सात एकट्या बेकरीवाल्याच्या मुलाच्या.

त्याला आई नाही. वडील पहाटेपासून भट्टीपुढे. शर्ट तो स्वतःच घेऊन यायचा आणि आत उभा राहून विचारायचा, ‘काकू, आत्ताच होईल का?’ म्हणजे घरी कळायला नको. कसा फाटला म्हटलं की म्हणायचा, ‘पडलो.’ मी म्हणायची, ‘बघून चालत जा रे.’ सात वेळा म्हटलं मी हे.

जुलैत त्याची सातवी कॉलर बदलताना माझा जीव कळवळला. तर मी काय करावं? मी कॉलरच्या आत जाड, कडक बकरम घातलं. मानेमागे आतून पट्टी देऊन दुहेरी टीप मारली. गळ्याचं बटण चौपदरी दोऱ्यानं लावलं आणि मागून दुसरं बटण टेकूला दिलं. ओढून बघितलं. मशीनसकट मी हलले पण शिवण हलली नाही. म्हटलं, आता ओढ म्हणावं. त्या दिवशी मला स्वतःच्या हाताचं फार कौतुक वाटलं होतं, दादा.

तोच शर्ट त्यानं त्या मंगळवारी घातला होता.

काल बेकरीवाला आला होता. मला वाटलं भांडायला आला. तो बाकावर बसला. केसांत पीठ तसंच होतं. पिशवीतून शर्ट काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, डॉक्टर म्हणाले, शर्ट फाटला असता तर पोरगं सुटलं असतं. गळ्यावरचा जोर कमी झाला असता, पडलंही नसतं कदाचित.’ मग कॉलरवरून अंगठा फिरवून म्हणाला, ‘काम मात्र तुमचं पक्कं आहे हो.’

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्याला काही माहीतच नाही. मी त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन गेला.

आणखी एक. शाळेत मुलांशी बोलायला एक समुपदेशक बाई येतात, आठवड्यातून दोन दिवस. त्या गुरुवारी दुकानात आल्या. मला म्हणाल्या, ‘वर्गात विचारलं की सगळी मुलं छताकडे बघतात. तुमच्याकडे कपडे येतात. तुम्हाला काही दिसतं का?’ पिशवी माझ्या पायाशी होती. मी म्हणाले, ‘नाही, मॅडम.’

आपलेच दात, आपलेच ओठ. काय करणार होते मी?

बारकी


२३ ऑगस्ट, रविवार

दादा,

तुझं पत्र आलं. चार वाक्यं लिहिलीस. मी ती इतक्यांदा वाचली की घडीवर कागद मऊ पडला. ‘त्याला पाठवू नकोस. मला पाठवलं होतं. तू एवढ्या कॉलरी पाहिल्यास, त्याची कधी पाहिली नव्हतीस का? विचार त्याला.’

पहिल्यांदा रागच आला. इतक्या वर्षांनी पत्र आणि त्यातही ‘नाही’च. पण मग शेवटचं वाक्य पाठ सोडेना.

लांबू सध्या दिवसभर दुकानातच असतो, बटणं लावतो. हात चांगला आहे त्याचा. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी मान वर न करता विचारलं, ‘तुझी कॉलर कधी कुणी ओढली होती का रे?’

तो दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, ‘सहावीत.’

‘कुठं?’

‘तिथेच. नळावर.’

‘कोण होतं?’

‘मोठी मुलं. गेली आता शाळेतून.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं होतं की.’

‘कधी सांगितलंस?’

‘शर्ट दिला होता ना तुझ्या हातात. तीनदा.’ मग दोरा दातानं तोडून म्हणाला, ‘तू म्हणालीस, गणवेश काय झाडाला लागतात का.’

मी म्हटलं होतं. अगदी ह्याच शब्दांत म्हटलं होतं. परक्यांच्या पोरांचे शर्ट मी भिंगातून बघितल्यासारखे बघते, आणि पोटच्या पोराचा शर्ट हातात आला तेव्हा मला फक्त वाया गेलेलं कापड दिसलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

थोड्या वेळानं विचारलं, ‘तुला माहीत होतं कसं वाटतं ते. तरी तू तेच केलंस?’

म्हणाला, ‘जो ओढतो त्याला कुणी ओढत नाही.’

‘आणि नेमकं त्यालाच का?’

‘तो कुणाला सांगत नाही. आणि ओढलं की बाकीचे हसतात.’ मग त्यानं आणखी एक बटण लावलं. ‘त्या दिवशी कॉलर फाटेचना. मी वाट बघत होतो फाटायची. म्हणून जास्त जोर लावला.’

हे ऐकून मी मशीनवरून उठले आणि मागे जाऊन उगाच कापडाचे गठ्ठे रचत बसले.

आता तुला लपवलेलं आणखी एक सांगते. धुवायला टाकलेल्या त्याच्या पँटच्या खिशात मला बटणं सापडायची. पांढरी, चार भोकांची, कापडाचा तुकडा चिकटलेली. मी ती कुठूनही ओळखेन, कारण ती माझ्याच डब्यातली. ओढून आलेली बटणं तो खिशात ठेवायचा. मी कापड सोडवायची आणि बटण डब्यात टाकायची. मग तोच डबा उघडून त्याच पोरांच्या शर्टांना बटणं लावायची. नऊ वेळा. तेव्हा मला मार्चपासून माहीत होतं की हात कुणाचा आहे. त्याच महिन्यांत त्याच्या पँटची दुमड मी तीनदा सोडली. पोरगं वाढतंय म्हणून मला आनंद व्हायचा.

त्याला तुझ्याकडे पाठवत नाही. पण मग इथं काय करायचं ते मला माहीत नाही.

बारकी


२ सप्टेंबर, बुधवार

दादा,

परवा समिती आहे. त्याआधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू विचारलं होतंस, ‘त्या दिवशी हेडसरांनी तुला बोलावलं तेव्हा तू काय सांगितलंस?’

मी ‘आठवत नाही’ म्हणाले. मला सगळं आठवतं. टेबलावर हिरवी काच होती आणि तिच्याखाली वेळापत्रक. सरांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. तू तेरा वर्षांचा, मी नऊ.

तुझे शर्टही फाटून यायचे. आई ते दार लावून शिवायची. शिवण झाली की राहिलेले दोरे काढायचं काम माझं होतं. तिघं जण तुला दप्तरं उचलायला लावायचे, आणि तू नाही म्हटलंस की काय करायचे ते मी एकदा मैदानाच्या कुंपणाआडून बघितलं होतं. तू मला बघितलंस. आपण दोघांनी घरी काही सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, बाबा म्हणायचे, ‘रडत आलास तर इथं आणखी दोन मिळतील.’

मग तू एका मुलाला लाकडी फळी मारलीस आणि त्याचा एक कान गेला. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना आई म्हणाली, ‘तुला विचारतील. दादाला कुणी त्रास देतं का, असं विचारतील. नाही म्हणायचं. घरातलं घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ तिला वाटलं, आपला मुलगा मार खातो हे कळलं तर आणखी अब्रू जाईल.

सरांनी अगदी तेच विचारलं. सर चांगले होते, दादा. त्यांना कारण हवं होतं. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा मी म्हणाले, ‘नाही सर, दादाला कुणी काही करत नाही.’ त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला वर्गात पाठवलं. म्हणजे तू विनाकारण मारणारा मुलगा ठरलास. दुसऱ्या रविवारी तुला पत्र्याची पेटी देऊन काकांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं.

आईनं सांगितलं म्हणून मी खोटं बोलले, एवढंच असतं तर मी सहा वर्षांपूर्वी तुला सांगून टाकलं असतं. त्याखाली आणखी एक गोष्ट आहे. तू गेल्यावर खिडकीजवळची तुझी खाट मला मिळाली आणि मला बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला माफ कर, असं लिहिणार होते. पण तू काय लिहावंस हे मी सांगायला नको.

परवा पिशवी घेऊन जाणार आहे. लांबूला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे मला काढतील.’ मी म्हटलं, ‘काढतीलही.’ त्यावर त्यानं बटणांच्या डब्यातून नऊ बटणं मोजून माझ्यासमोर ठेवली. कुठली होती ती त्यालाही आता ओळखू येणं शक्य नाही, सगळी सारखीच. पण नऊ ठेवली.

बारकी


६ सप्टेंबर, रविवार

दादा,

त्याला काढलं नाही. आधी हे सांगते म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील.

मुख्याध्यापकांच्या खोलीत लांबलचक टेबल. समितीचे पाच जण, समुपदेशक बाई, बेकरीवाला, मी आणि लांबू. हे नव्हते. ट्रक बंद पडला म्हणाले. पडला असेल.

मी टेबलावर कॉलरी मांडल्या. प्रत्येकीवर खडूनं महिना लिहून नेला होता. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘बाई, इथं काय दुकान मांडताय?’ मी म्हटलं, ‘हो. दोन मिनिटं द्या, मांडू द्या.’ मग शर्ट कुठं कसा फाटतो ते सांगितलं. जे तुला लिहिलं तेच. ज्यांचे शर्ट फाटले त्या चारही मुलांची नावं सांगितली. बटणं ठेवली. ती कुणाच्या खिशात सापडली तेही सांगितलं. लांबू माझ्याशेजारी उभा होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण मान त्यानं खाली घातली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘तुम्हाला हे मार्चपासून माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?’

‘नाही. शिवत राहिले.’

मग बेकरीवाल्याकडे वळून बकरमचं सांगितलं. दुहेरी टीप, पट्टी, टेकूचं बटण, सगळं. म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही त्या दिवशी काम पक्कं आहे म्हणालात. ते मी मुद्दाम केलं होतं. फाटलेलं दिसू नये म्हणून.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मला जरा बाहेर जाऊ द्या,’ आणि गेला. दहा मिनिटांनी परत येऊन बसला.

त्यानंतर बहुतेक बाईच बोलल्या. त्यांचं बोलणं साधं होतं. म्हणाल्या, ‘एका मुलाला काढलं तर जिना तसाच राहतो आणि नळही तसाच राहतो. ह्याच्या आधी दुसरे होते, ह्याच्या नंतर तिसरा येईल.’ हे प्रकार होतात ते मधल्या सुट्टीत, त्याच जिन्यावर, आणि तिथं मोठं माणूस एकही नसतं, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. ओढणारा एक, पण बघून हसणारे चार (त्यांची नावं लांबूनं बाईंना दिली होती), आणि न हसता बघणारे कितीतरी. त्या म्हणाल्या, हसणं थांबलं की ओढण्यातली मजा निम्मी जाते, तेव्हा त्या चौघांशीही बोलायचं. आदल्या दिवशी त्या लांबूशी बोलल्या होत्या, त्याला सहावीत काय झालं तेही त्यांनी त्याच्या परवानगीनं सांगितलं. वर हेही म्हणाल्या की ह्यामुळे त्यानं केलेलं कमी होत नाही.

एकानं सुचवलं, दोन्ही मुलांना बोलावून हात मिळवायला लावू. बेकरीवाला म्हणाला, ‘तो माफी मागेल, मागू दे. पण माझ्या पोराला “असू दे” म्हणायला कुणी लावायचं नाही.’ बाई म्हणाल्या, ‘अजिबात नाही.’ त्यांनी त्या मुलाला आधीच विचारलं होतं की तुला काय हवं. त्यानं एकच सांगितलं होतं. पाणी पिताना मागे कुणी उभं नको.

तर ठरलं ते असं. नळ पुढच्या अंगणात, कार्यालयाच्या खिडकीसमोर घेणार. तोवर सुट्टीत जिन्यावर एक शिक्षक. मोठ्या वर्गांची सुट्टी वेगळी. त्या मुलाच्या वर्गातल्या दोन मुलींनी हे सगळं पाहिलं होतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, आम्ही जाऊ त्याच्याबरोबर पाण्याला, आणि त्याला चालतंय. लांबू महिनाअखेरपर्यंत घरी, मग दर आठवड्याला बाईंकडे बसायचं. त्या मुलाच्या वाटेला स्वतःहून जायचं नाही. पुन्हा हात उचलला तर नाव काढणार.

गणवेशाचं काम पुढच्या वर्षी माझ्याकडे राहील का, ह्यावर मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणाले. हसणाऱ्या चौघांपैकी दोघांच्या आया कपडे परत घेऊन गेल्या. एक म्हणाली, ‘आमच्या पोरांची नावं कशाला ओढलीत ह्यात?’ मी कपडे घडी घालून पिशवीत भरून दिले.

घरी येताना लांबू म्हणाला, ‘मामांना कळवणार?’ मी म्हटलं, ‘कळवू का?’ म्हणाला, ‘कळव. आणि विचार, ते येतील का.’

विचारते आहे.

बारकी


८ नोव्हेंबर, रविवार

दादा,

तू येऊन गेलास त्याला महिना झाला. मनात होतं त्यातलं निम्मं तू असताना बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते. पत्रात मला बरं जमतं.

तू आणि लांबू बाकावर बसला होतात तेव्हा मी मशीन चालवत नव्हते. नुसता पाय पायट्यावर होता. तुझ्या ते लक्षात आलं असणार. त्यानं विचारलं, ‘मामा, तुम्ही ज्याला फळी मारलीत तो त्या तिघांतला होता ना?’ आणि तू म्हणालास, ‘नाही.’

‘मग तो कोण?’

‘वर्गातला होता. शेवटच्या बाकावर बसायचा. त्यानं मला कधी काही केलं नव्हतं.’

‘मग त्याला का?’

‘ते तिघं हाती लागणारे नव्हते. तो लागला.’

दादा, इतकी वर्षं मी धरून चालले होते की तू त्रास देणाऱ्यालाच मारलंस. मी ‘हो सर’ म्हटलं असतं तर तू सुटला असतास, त्याचा कान तरीही गेलाच होता. हे ऐकल्यावर माझं खोटं कमी झालं नाही. पण तू एवढं सगळं एकटाच घेऊन पंपाच्या खोलीत बसला होतास, हे मला त्या दिवशी कळलं. तू गेल्यावर लांबू म्हणाला, ‘मामा अजून त्या मुलाचं नाव घेतात तेव्हा थांबतात.’ बाईंकडे तो आता न सांगता जातो. सुधारला, असं मी लिहिणार नाही. एकदा गल्लीत कुणावर तरी हात उगारला आणि स्वतःच खाली घेतला, असं त्यानंच येऊन सांगितलं. सांगितलं, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

आता दुकानात नियम केलाय. फाटका कपडा आला की आधी विचारायचं, मग सुईत दोरा. परवा एक चिमुरडी फाटका खिसा घेऊन आली. विचारलं, कुणी ओढला? म्हणाली, ‘कुणी नाही, खिळ्याला.’ बघितलं तर खरंच काटकोनात. मला वेड लागलंय अशा नजरेनं ती माझ्याकडे बघत होती. तिच्या आईनं नंतर येऊन विचारलं, शिवायला दिलं की चौकशी होते म्हणे तुमच्याकडे? मी म्हटलं, होते.

आणि एक सांगायचं राहिलं, तेच मुख्य.

तू आलास त्याच्या आधीच्या आठवड्यात बेकरीवाला मुलाला घेऊन आला होता. प्लास्टर निघालं होतं. नवा शर्ट शिवायचा होता. मला वाटलं होतं तो आता दुसऱ्या गल्लीत जाईल. तो दारातच थांबला, आत आला नाही, पण मुलाला आत पाठवलं. मी माप घ्यायला टेप गळ्याकडे नेला तर पोरगं दचकलं. मी टेप त्याच्याच हातात दिला. त्यानं स्वतःच गळ्याभोवती धरला आणि आकडा वाचून दाखवला. मी लिहून घेतला.

मग तो म्हणाला, ‘काकू, कॉलर कच्ची शिवा.’

मी म्हटलं, ‘म्हणजे कशी?’

‘ओढली तर फाटेल अशी.’

मी तशी शिवली, दादा. पातळ अस्तर घातलं, मानेमागे एकेरी टीप मारली, बटण दोन टाक्यांवर. तीस वर्षांत इतकं कच्चं काम मी करून दिलेलं नाही. जरा कुणी बोट घातलं तरी उसवेल.

आज पाच आठवडे झाले. शाळा सुटली की तो दुकानासमोरून जातो आणि मी मान वर करून बघते. शर्ट तोच आहे. अजून उसवलेला नाही.

बारकी